चायच्या मुलखातली कॉफी

महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणून नाव घ्यावं असं ठिकाण एकच, आणि ते अमरावती जिल्ह्यात आहे. स्पर्धा परीक्षेला बसणारी आमच्याकडची पोरं हे वाक्य पाठ करतात. प्रश्न आला की 'चिखलदरा' लिहितात, एक गुण पदरात पाडून घेतात आणि पेपर सुटल्यावर बसस्टँडसमोरच्या टपरीवर येऊन चाय पितात. जिल्ह्यातली कॉफी चाखलेला त्यांच्यात क्वचितच सापडतो. त्यांची तरी काय चूक? ती मिळते कुठं?

नांदगाव खंडेश्वर हे बडनेऱ्याहून यवतमाळकडे निघालेल्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ, चहूकडे कपाशी, तूर, सोयाबीन. अलीकडे समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. इथून एसटीनं अमरावती, अमरावतीहून परतवाडा आणि मग घाट चढला की चिखलदरा. जेमतेम अर्ध्या दिवसाचा प्रवास. पण नांदगावच्या किराणा दुकानात कॉफी मागितली तर दुकानदार विचारतो, "कोनती पायजे? दोनवाली का पाचवाली?" वर टांगलेल्या माळेतून एक पुडी तोडून हातावर ठेवतो. ब्रू नाहीतर नेसकॅफे. कॉफी म्हणजे पुडी, पुडी म्हणजे इन्स्टंट, हे समीकरण इतकं पक्कं आहे की दाण्याची कॉफी असते हे सांगायला गेलो तर ऐकणारा आपल्यालाच शहाणा समजतो; शहाणा या शब्दाच्या वऱ्हाडी अर्थानं.

या अंकासाठी ओळखीच्या घराघरांतून एकच गोष्ट विचारत हिंडलो: तुमच्या घरी कॉफी कशी करतात? पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी 'करतच नाही' असं आलं. जरा बसलो, विषय निघाला, की मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. जावई आला की करतो. एकादशीला, महाशिवरात्रीला करतो, उपासाला चालते म्हणून. पोराची बारावी होती तेव्हा रात्रीची करत होतो. सर्दीपडसं झालं की करतो. मग लक्षात आलं, की चाय ही रोजची आणि कॉफी ही निमित्ताची. निमित्ताची असल्यामुळेच तिच्या पद्धती घराघरात टिकून राहिल्या आहेत. चहाचं तसं नाही. त्याचं आधण ठेवताना कोणी विचार करत नाही.

सगळ्यांत जुनी पद्धत गंजातली. गंज म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचं पातेलं. सत्तरीच्या पुढच्या बायका ती अशी सांगतात: पाण्यात साखर घालून उकळी आणायची, कॉफीची पूड टाकायची, एक उकळी येऊ द्यायची, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. पूड खाली बसली की फडक्यातून गाळायची, वेगळं तापवलेलं दूध घालायचं आणि वर जायफळ किसायचं. काही घरी वेलदोडाही. तेव्हाची पूड इन्स्टंट नव्हती. ती भाजून दळलेल्या दाण्यांची असे, बहुतेक वेळा चिकोरी मिसळलेली, आणि डब्यावर नाव असे पोलसनचं. लोणी म्हणून आज ते नाव आठवतं, पण पोलसनवाले पेस्तनजी एदलजी दलाल यांचा धंदा १८८८ साली मुंबईत सुरू झाला तो कॉफी दळून विकण्याचा. लोणी नंतर आलं. मुंबईत दळलेली ही कॉफी रेल्वेनं कुठं कुठं पोचली असेल याचा अंदाज जुन्या घरांतल्या फडताळांवरून येतो. त्या डब्यांत आता हळद नाहीतर बटणं असतात.

या गंजातल्या कॉफीकडे आज जी नवी कॉफीवाली मंडळी नाक मुरडून बघतात, त्यांना एक सांगायला हवं. त्यांचं काचेचं फ्रेंच प्रेस नावाचं जे भांडं आहे, त्यात होतं काय? गरम पाण्यात जाडसर पूड टाकायची, चार मिनिटं मुरू द्यायची आणि जाळीनं चोथा खाली दाबायचा. मुरवणं आणि गाळणं. आमच्या आज्या हेच करत होत्या, फक्त जाळीच्या जागी मलमलचं फडकं होतं. फडकं तर जाळीपेक्षा सरसच, कारण ते बारीक चोथाही अडवतं आणि तेलकट अंशही बराचसा धरून ठेवतं. कॉफीच्या दाण्यातल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. उकळून न गाळता कॉफी पिणाऱ्या नॉर्वेतल्या लोकांत १९८०च्या दशकात हे लक्षात आलं आणि तिकडे कागदी गाळणीकडे लोक वळले. ती कागदी गाळणी काढली होती ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं, १९०८ साली. पितळी भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात बसवला. म्हणजे कॉफी गाळण्यातला मोठा शोध कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरातच लागला.

गंजातल्या पद्धतीत एकच खोट आहे: उकळी. पूड पडल्यावर गॅस चालू ठेवून खळखळ उकळली की कॉफी कडू होते. भाजलेल्या दाण्यातून पाण्यात उतरण्याजोगं जे काही असतं, त्यातलं आंबटगोड आधी उतरतं आणि कडू, तुरट मागून. दाण्याच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के अंश पाण्यात आला की थांबावं असं जाणकार सांगतात. उकळत राहिलं की आपण ती रेघ ओलांडून पुढे जातो. शिवाय सुगंध हा उडून जाणारा पदार्थ. घरभर कॉफीचा वास सुटला की पाहुणे खूश होतात, पण जेवढा वास घरात आला तेवढा कपातून गेला, हा साधा हिशेब आहे. चहाची सवय इथं नडते. आपल्याकडे चहा उकळल्याशिवाय चहा वाटत नाही आणि तोच हात कॉफीवर चालतो.

पाणी ९० ते ९६ अंशांच्या मध्ये असावं, असा नियम. घरात तापमापक कुठला असायला? उकळी फुटली की गॅस बंद करावा, मनात तीस-चाळीस आकडे मोजावे आणि मग पूड टाकावी. इथं आमच्या जिल्ह्याची एक गंमत आहे. समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. म्हणजे तिथं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. चिखलदऱ्यात कॉफी करताना थांबायची गरजच नाही, उकळी आली की पाणी तयार.

प्रमाणाबद्दल घरोघरी वाद आहेत आणि ते असू द्यावेत. मला पटलेलं प्रमाण असं: एका माणसाला दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास पूड आणि दीडशे मिलिलिटर पाणी. दूध घालायचं असेल तर पाणी निम्मं करावं, पूड तेवढीच ठेवावी. पाणी जास्त घालून वरून दूध ओतलं की जे तयार होतं त्याला आमच्याकडे 'पानचट' म्हणतात आणि बरोबरच म्हणतात.

जायफळाविषयी थोडं. कॉफीत जायफळ ही मराठी घराची खूण आहे. कर्नाटकात, तमिळनाडूत कॉफी जन्मल्यापासून पितात, पण जायफळ म्हटलं की तिथली माणसं चमकून बघतात. नव्या कॉफीशास्त्राच्या हिशेबात ही भेसळच. मला ती मान्य नाही. चिकोरी घातलेली, जुनाट पूड म्हशीच्या दुधात कालवली की तिला स्वतःचा गंध उरत नाही. जायफळ ती जागा भरून काढतं. कोकणातलं ताजं जायफळ असेल तर विचारूच नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आहेत. यात एक विनोदही दडलेला आहे. जायफळ झोप आणतं म्हणून आपण ते बाळाच्या गुटीत उगाळतो, आणि कॉफी झोप उडवते म्हणून बारावीच्या पोराला देतो. दोन्ही एकाच कपात. त्या पोरानं नेमकं काय करावं? किसणीवरून दोनदा फिरवलं एवढंच जायफळ पुरे. चमचाभर घातलं तर चव तर जातेच, डोकंही गरगरतं.

दुसरी पद्धत फेटलेल्या कॉफीची. ही पन्नाशीच्या आतल्यांची लाडकी. कपात एक चमचा इन्स्टंट पावडर, दोन चमचे साखर, पाण्याचे चार थेंब. चमच्यानं फेटत बसायचं. काळपट गोळा हळूहळू तपकिरी, मग बदामी होतो, फुगतो, आणि वरून कडकडीत दूध ओतलं की फेस कपाच्या काठापर्यंत येतो. घरातली चुलत भावंडं पाळीपाळीनं फेटत बसलेली, 'आता माहा नंबर' म्हणून भांडणं चाललेली, हे दृश्य उन्हाळ्याच्या सुट्टीत अजून दिसतं. २०२०च्या टाळेबंदीत कोरियातून 'दालगोना कॉफी' म्हणून हीच गोष्ट जगभर गाजली, तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी मोबाइल बघून एवढंच विचारलं, "हे त आपन कधीचेच करतो. त्यात काय नवं?" फरक इतकाच की तिकडे फेस दुधावर ठेवतात, आपण दूध फेसावर ओततो.

हा फेस भाजलेल्या दाण्याच्या साध्या पुडीला येत नाही. इन्स्टंट पावडर म्हणजे आधीच काढलेला अर्क वाळवून केलेली भुकटी. ती पूर्ण विरघळते. त्यातली प्रथिनं आणि भाजताना तयार झालेले मोठे रेणू हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, साखरेनं पाक घट्ट होतो आणि बुडबुडे फुटत नाहीत. नेसकॅफे १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली ती ब्राझीलच्या न खपलेल्या कॉफीचं काय करायचं या विवंचनेतून. त्या भुकटीचा सगळ्यांत चविष्ट उपयोग भारतातल्या घरांत चमच्यानं फेटून केला गेला, असं माझं मत आहे. चवीच्या दृष्टीनं ती कॉफी कमी आणि मिठाई जास्त. पण पाहुण्यासमोर ठेवायला तिच्यासारखी दुसरी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पुड्यांची माळ आणखी लांब होणार हे उघड आहे.

लग्नातल्या 'एस्प्रेसो'चाही उल्लेख करायलाच हवा, घरगुती पद्धतींत ती बसत नसली तरी. मंडपाच्या कोपऱ्यात चकचकीत यंत्र, फुस्स करून वाफ, कपात इन्स्टंट, दूध, साखर, आणि वरून चॉकलेट पावडरीची चिमूट. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या पुडीतून सुमारे नऊ पट वातावरणाच्या दाबानं पाणी ढकलून तीसेक सेकंदांत काढलेला घोटभर अर्क. लग्नातलं यंत्र फक्त दूध वाफाळतं. पण थंडीतल्या लग्नात, रात्री अकराला, वरात अजून दारात आलेली नसताना ती कॉफी ज्यानं प्यायली आहे तो नऊ पट दाबाची चौकशी करणार नाही.

तिसरी पद्धत बंगळुरूहून आली. अमरावतीच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरं पुण्याला गेली, तशीच बंगळुरूलाही गेली. परतताना त्यांनी स्टीलचं फिल्टर आणलं. वरचा डबा तळाला बारीक भोकांचा, त्यात पूड, पुडीवर दांडीची चकती, वरून गरम पाणी; खालच्या डब्यात थेंबथेंब काढा साठतो. आईवडिलांना ही वस्तू आधी दिवाळीच्या भेटीत आलेल्या शोभेच्या भांड्यासारखी वाटते. मग एखाद्या सकाळी पोरगं स्वतः करून देतं आणि वडील म्हणतात, "हे बरं हाय." पुढे पोरगं सुट्टी संपवून जातं आणि फिल्टर फडताळात जातं. असं का होतं, हे विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: "लय येळ लागते." पंधरा-वीस मिनिटं. पूड फार बारीक असेल किंवा चकती जोरात दाबली असेल तर त्याहून अधिक.

यावर उपाय आहे आणि तो दक्षिणेतल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे: रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवायचं. सकाळी काढा तयार. दूध मात्र त्याच वेळी उकळतं हवं, कारण काढा थंड असतो. एक भाग काढा, तीन भाग दूध. चिकोरीचं म्हणाल तर अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मिश्र पुडीत कॉफी किमान ५१ टक्के हवी. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. ८०-२० घेतलेलं बरं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिला कॅफिन नसतं. रंग, दाटपणा आणि थोडा गुळचट कडवटपणा असतो. स्वस्तपणासाठी आली आणि दुधाच्या कॉफीत शोभली म्हणून राहिली. आमच्या म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. एवढ्या दुधापुढे नाजूक अरेबिका जातीची कॉफी गप्प होते. तिथं रोबस्टा जात मिसळलेली, थोड्या चिकोरीची पूडच टिकते. म्हणून वऱ्हाडात दूध घालून पिणाऱ्यानं महागडी, फळाफुलांच्या स्वादाची कॉफी घेऊन पैसे वाया घालवू नयेत. ती काळी प्यावी, नाहीतर घेऊच नये.

चौथी पद्धत घरून काम करणाऱ्यांची. कोविडनंतर काही घरांत मुलं-सुना परतल्या, लॅपटॉप आले, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच प्रेस, मोका पॉट, कागदी गाळणीचा शंकू. मोका पॉट हे १९३३ सालचं इटालियन घडवणुकीचं अॅल्युमिनियमचं अष्टकोनी भांडं. खाली पाणी, मध्ये पूड, वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढतं. ते छोट्या बर्नरवरही डगमगतं म्हणून त्याखाली जाळी लागते, आणि इंडक्शनवर अॅल्युमिनियमचं चालत नाही. त्यात पूड दाबून भरायची नाही आणि आच मंद ठेवायची, एवढं पाळलं तर दुधाच्या कॉफीसाठी मला ते फिल्टरपेक्षा सोयीचं वाटतं. पाच मिनिटांत काढा हातात. शंकूची पद्धत मात्र निगुतीची. वजनकाटा, पातळ धारेची किटली, घड्याळ. करणाऱ्याला त्यात पूजेचं समाधान मिळतं. बाकीचं घर दाराशी उभं राहून बघतं.

या सगळ्या पद्धतींत कोणी ज्याचा विचार करत नाही ते म्हणजे पाणी. काळ्या कॉफीच्या कपात साधारण ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वऱ्हाडात हा प्रश्न साधा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं; पिकाला चालत नाही आणि पिण्यालाही. दर्यापूरकडच्या बायका सांगतात की तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्या पाण्याची कॉफी दुधासकट फसते. नांदगाव त्या पट्ट्याबाहेर, काळ्या पाषाणावर आहे, पण बोअरचं पाणी जडच. भांड्याला पांढरा थर धरतो. जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा मरतो आणि चव खडूसारखी सपाट होते. उलट टोक आरओचं. घरोघरी यंत्रं लागली, गावोगावी वीस लिटरचे जार फिरू लागले, आणि त्यातलं पाणी इतकं मोकळं की कॉफीतलं नीट उतरतच नाही, कप पोकळ लागतो. विरघळलेले क्षार लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं पाणी कॉफीला उत्तम समजतात. घरी सोपा मार्ग असा: आरओचं पाणी आणि गोड्या नळाचं पाणी अर्धं अर्धं मिसळून बघावं. चवीला जे गोड लागतं ते कॉफीलाही मानवतं.

उन्हाळाही इथं कॉफीचा शत्रू आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो. भाजलेल्या दाण्यातलं तेल उष्णतेनं आणि हवेनं खवट होतं, दळलेल्या पुडीचं तर आठवड्याभरात. पाकीट उघडून रबर लावून ठेवलेली पूड पावसाळ्यापर्यंत गोळा झालेली असते आणि तिला मसाल्याच्या डब्याचा वास लागलेला असतो. फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावी, थोडीच आणावी. दाणे मिळाले तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत. सलग फिरवलं तर पातं तापून पूड जळकट लागते. उन्हाळ्यातल्या गार कॉफीसाठी जाडसर पूड थंड पाण्यात बाराएक तास फ्रिजमध्ये भिजत ठेवून गाळली की कडूपणा जवळजवळ नसलेला अर्क मिळतो. एका उत्साही गृहस्थांनी हा प्रयोग माठात केला. कॉफी ठीक झाली, पण तो माठ पुढे पाण्याच्या कामाचा राहिला नाही.

आता पुन्हा चिखलदऱ्याकडे.

भारतात कॉफी आणल्याचा मान सुफी संत बाबा बुदान यांना दिला जातो. सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून सात दाणे आणून त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी परंपरागत कथा. आज देशातलं जवळजवळ सत्तर टक्के उत्पादन एकट्या कर्नाटकात होतं, मग केरळ, तमिळनाडू. आंध्रात अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आता नावाजलेली आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. महाराष्ट्राला मात्र कॉफी बोर्डाच्या राज्यवार तक्त्यात स्वतःची ओळसुद्धा नाही.

चिखलदरा १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरलं, पुढे थंड हवेचं ठिकाण झालं आणि इंग्रजांच्याच काळात तिथं कॉफी लागली. उंची अरेबिकाला पुरेशी, पाऊस पंधराशे मिलिमीटरच्या पुढे, सावलीला झाडं. मग ती वाढली का नाही? एक कारण पावसाच्या वेळेचं. कॉफीला मार्च-एप्रिलात एक चांगली सर लागते. त्या सरीनं फूल उमलतं, मागून येणाऱ्या सरीनं फळ धरतं. सह्याद्रीच्या दक्षिण भागात तो पाऊस पडतो. चिखलदऱ्याच्या मेळघाटात सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, पुढे कोरडं. फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी द्यावं लागतं. दुसरं कारण जमिनीचं. भोवताली जंगल, १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं मळे पसरणार कुठं आणि का पसरावेत? जंगल तोडून कॉफी लावा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. जेवढी आहे तेवढी आहे, आणि ती पर्यटकाला झाड दाखवण्यापुरती उरली आहे.

माझी तक्रार क्षेत्राबद्दल नाहीच. जेवढी पिकते तिच्यात आणि जिल्ह्यातल्या कपात काहीही नातं नाही, ही तक्रार आहे. त्याच चिखलदऱ्याजवळच्या मोथ्याच्या गवळ्यांचा खवा आम्ही आवर्जून आणतो. तिथली स्ट्रॉबेरी रस्त्याच्या कडेला थांबून घेतो. कॉफीचं फक्त झाड बघून, फोटो काढून परततो, आणि घरी येऊन कर्नाटकातल्या दाण्यांची परमुलखात केलेली भुकटी फेटत बसतो. अराकूला जे जमलं ते कितीतरी लहान प्रमाणावर का होईना, मेळघाटच्या एखाद्या बचत गटाला जमण्यासारखं आहे. पिकलेली लाल फळंच तोडायची, साल काढून नीट वाळवायची, पाकिटावर भाजल्याची तारीख टाकायची. यात कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. अमरावती शहर आणि तालुक्याची गावं एवढं गिऱ्हाईक त्याला पुरून उरेल.

आणि भाजणं तर घरीही होतं. हिरवे दाणे मिळाले तर लोखंडी कढईत, मध्यम आचेवर, एकसारखं हलवत बारा-पंधरा मिनिटं. आधी गवतासारखा वास, मग भाजणीसारखा. मग लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. तो आवाज थांबत आला की मध्यम भाजणी झाली. ताबडतोब परातीत ओतून वारा घालायचा, साल पाखडून टाकायची. त्या दिवशी दळायचं नाही. दाण्यातला वायू निघून जायला एक-दोन दिवस द्यायचे. शेंगदाणे, फुटाणे भाजण्यात हयात गेलेल्या वऱ्हाडी बाईला यात शिकवण्यासारखं फारसं काही नाही. धूर मात्र होतो, तेव्हा अंगणात चूल असेल तर उत्तम.

इतक्या घरांतली कॉफी प्यायल्यावर माझा कौल गंजालाच आहे. दीडशे मिलिलिटर पाणी, उकळी फुटल्यावर गॅस बंद, क्षणभर थांबून दोन मोठे चमचे जाडसर ताजी पूड, एकदा ढवळून झाकण, चार मिनिटं, फडक्यातून गाळलं की झालं. दूध हवं तर पाणी निम्मं. फडकं साबणानं धुवू नये, नुसत्या गरम पाण्यानं पिळून वाळत घालावं. एका पैशाचं नवं भांडं लागत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला जाणार असाल तर बाजारात स्थानिक कॉफी आहे का ते विचारा. मिळाली तर पाकिटावर भाजल्याची तारीख मागा, आणि तारीख नसेल तर हिरवे दाणेच मागा. दहा माणसांनी मागितले तर अकराव्यासाठी दुकानदार आणून ठेवील.